बिनअ‍ॅडॅप्टरचा हब

"अ‍ॅडॅप्टरवाला दाखवू का बिनअ‍ॅडॅप्टरचा, काका?" काउंटरमागून मिनलने विचारलं.

ज्योतीराम सोनकांबळे हातातली चिठ्ठी तिसऱ्यांदा वाचत होता. अक्षर बायकोचं होतं, भाग्यश्रीचं. गोल, सुटं, एकाही ठिकाणी खाडाखोड नाही. पण शब्द तिचे नव्हते. 'एक टीबीची एसएसडी घ्यावी. फिरत्या चकतीची हार्ड डिस्क नको. पोर्ट वाढवण्यासाठी हब घ्यावा, तो स्वतःच्या अ‍ॅडॅप्टरवर चालणारा असावा.' घ्यावी, असावा. भाग्यश्री असं कधी बोलत नाही. ती म्हणाली असती, 'चांगलंवालं बघून आणा.' ही भाषा दादासाहेबांची. काल संध्याकाळी फोनवर तो माणूस सांगत गेला आणि ही लिहून घेत गेली. ज्योतीराम तिच्यासमोरच बसून चहा पीत होता.

"घरी काय काय लावायचंय?" मिनलने दोन्ही हब काउंटरवर ठेवले. पिंपरी कॅम्पातलं हे दुकान ती आणि तिचे सासरे मिळून चालवत.

"माइक. ही डिस्क. प्रिंटर. कॉम्प्युटर जुना आहे, पुढची दोन भोकं मेलीत. मागची चार भरलेली."

"मग अ‍ॅडॅप्टरवालाच घ्या. दुसरा सगळा करंट कॉम्प्युटरच्या एकाच पोर्टमधून ओढतो. त्यावर फिरती डिस्क लावली आणि शेजारी अजून काही घातलं, तर डिस्कला करंट कमी पडतो. चालता चालता बंद पडते."

"मला नका सांगू. मी इलेक्ट्रिकलचाच आहे."

ते खरंच होतं. चाकणच्या एका कंपनीत तो एकतीस वर्षांपासून मेंटेनन्सला होता. एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर ग्राइंडर आणि ड्रिल लावणाऱ्या नव्या पोरांना तो सगळ्यांदेखत झापायचा. लोड म्हणजे काय हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. गरज नव्हती, तरी एका माणसाने चिठ्ठी लिहून पाठवली होती. तीही त्याच्याच बायकोच्या हाताने.

त्याने चिठ्ठीची घडी घातली आणि खिशात टाकली.

"ती साधी हार्ड डिस्क द्या. आणि हा हब, बिनअ‍ॅडॅप्टरचा."

"पण काका, चिठ्ठीत तर..."

"चिठ्ठी सांगणाऱ्याला दिसत नाही," ज्योतीराम म्हणाला.

मिनलला काही कळलं नाही. तिने मुकाट्याने बिल केलं. वाक्य खोटं नव्हतं. तरी तोंडातून गेल्यावर ते त्याचं त्यालाच वाईट ऐकू आलं.

*

भाग्यश्री लग्नाआधी पिंपरीतल्या एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होती. लग्नानंतरही सात-आठ वर्षं ती बोर्डावर बसली. मग कंपनीने मशीन आणलं. अमक्यासाठी एक दाबा, तमक्यासाठी दोन. त्या मशीनला कोणा भलत्याच बाईचा आवाज होता. भाग्यश्री घरी बसली. मुलगी मैत्री मोठी झाली, शिकली, नोकरीला हैदराबादला गेली. संत तुकाराम नगरच्या त्या दोन खोल्यांत दुपार लांबत चालली.

दोन वर्षांपूर्वी वस्तीतल्या विहारात एका संस्थेची माणसं आली होती. अंध मुलं स्पर्धा परीक्षांना बसतात, पण त्यांच्यासाठी मराठीत पुस्तकं नाहीत. कोणी वाचून रेकॉर्ड करून देईल का? भाग्यश्रीने हात वर केला. मैत्रीने जाताना ठेवलेला कॉम्प्युटर होताच. माइक संस्थेने दिला. खिडकीला जाड चादर लावून ती आतल्या खोलीत वाचू लागली. इतिहास, भूगोल, पंचायत राज.

तिने पाठवलेलं तपासायचं काम दादासाहेबांकडे होतं. ते जन्मापासून अंध. बँकेत चौतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होते, आता निवृत्त होऊन रहाटणीला राहत. कुठे शब्द गिळला, कुठे कुकरची शिट्टी आली, ते ऐकून सांगायचे. त्यांचा पहिला फोन आला त्या संध्याकाळी भाग्यश्री फुलून गेली होती. ज्योतीरामला भाकरी वाढताना ती सांगत होती, "अहो, मी नुसतं 'नमस्कार, भाग्यश्री बोलतेय' म्हटलं. तिकडे सगळं शांत. मग विचारतात कसे, ताई, पंच्याण्णव साली तुम्ही पिंपरीत बोर्डावर होता का? आमच्या अकाउंट्सला रोज दहा वेळा त्यांच्या बँकेची लाइन लागायची. हे तिकडे, मी इकडे. 'गुड मॉर्निंग' आणि 'जोडून देते', याच्यापुढे कधी शब्द नाही. तोंडसुद्धा पाहिलं नाही कधी. आणि तीस वर्षांनी आवाज ओळखला!"

"बरं," ज्योतीराम म्हणाला.

त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि मनात हिशेब केला. त्याचं आणि भाग्यश्रीचं लग्न शहाण्णवच्या मे महिन्यातलं. म्हणजे तो माणूस आधीचा.

त्या दिवसापासून रोज सात वाजता फोन यायचा. बोलणं सगळं कामाचंच. 'राज्यघटना' म्हणताना घ दाबून म्हणा, पान चाळल्याचा आवाज येतोय, तिसरा परिच्छेद पुन्हा घ्या. पण मध्येच भाग्यश्री हसायची. आणि त्या फोनवर तिचा आवाज वेगळा असायचा, स्वच्छ, सरळ, प्रत्येक शब्दाला त्याची जागा देणारा. ज्योतीरामच्या वाट्याला येणारा आवाज निराळा होता. 'गॅस लावलाय, बघा.' 'डबा घेतला का?' 'पाणी जाईल, आटपा.' तो माणूस तिला ताई म्हणत होता, ती त्याला दादासाहेब म्हणत होती. त्यात बोट ठेवायला कुठेच जागा नव्हती आणि तेच ज्योतीरामला जास्त सलत होतं. कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसणाऱ्या सयाजीलाही तो हे सांगू शकला नसता. काय सांगणार? बायको एका आंधळ्या म्हाताऱ्याशी पंचायत राजवर बोलते?

*

"चिठ्ठीप्रमाणेच आणलं ना?" घरी आल्यावर भाग्यश्रीने विचारलं.

"तेच आहे."

तिने हब हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "याला वेगळी वायर नाही?"

"नवीन मॉडेल आहे. लागत नाही."

"तुम्हाला कळतं त्यातलं," ती म्हणाली आणि खुर्ची त्याच्यासाठी मोकळी करून दिली.

ज्योतीराम टेबलाखाली वाकला, कॉम्प्युटरच्या मागची वायर काढून तिथे हब लावला. हबात माइक, डिस्क, प्रिंटर. सगळे दिवे लागले. कॉम्प्युटरमध्ये जागा उरली नव्हती. आधी मैत्रीचे कॉलेजचे फोटो होते, त्यात दोन वर्षांचं वाचन आलं होतं. तो फाइली डिस्कवर घ्यायला लागला तेव्हा भाग्यश्री मागून म्हणाली, "दादासाहेब म्हणत होते, कॉपी करायची. मूळ जागचं काढायचं नाही. दोन ठिकाणी असलं म्हणजे एक गेलं तरी एक राहतं."

"मग जागा कशी होणार? फोटो पुसू का पोरीचे?"

"तसं नाही..."

"मग झालं."

त्याने कॉपी केलं नाही, सगळं उचलून डिस्कवर टाकलं. आणि यापुढचं रेकॉर्डिंगही थेट डिस्कवरच होईल अशी सेटिंग करून दिली. भाग्यश्री मन लावून बघत होती. काम झाल्यावर तिने त्याला चहा दिला, आणि न मागता सोबत खारी दिली.

दोन महिने काहीही झालं नाही. आपलंच बरोबर होतं असं ज्योतीरामला वाटायला लागलं. भरीस भर म्हणजे दादासाहेबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. नव्या डिस्कवरचा एक धडा त्यांनी ऐकला आणि ते दवाखान्यात दाखल झाले, मुक्काम लांबत गेला. तपासून झाल्याशिवाय फाइल पुढे जात नसे, म्हणून भाग्यश्री वाचलेलं साठवत राहिली. सातचा फोन बंद झाला. ज्योतीराम त्या दिवसांत उत्साहात होता. एकदा कामावरून येताना गरम जिलबी घेऊन आला. एकदा दोघं थेरगावच्या बोट क्लबला फिरून आली. भाग्यश्री म्हणाली, "काय विशेष?" तो म्हणाला, "विशेष कशाला पाहिजे?"

राज्यशास्त्राचे नऊ धडे या काळात वाचून झाले. परीक्षा मेमध्ये होती. बावीस मुलं त्या धड्यांची वाट बघत होती.

*

मार्चचा शेवटचा गुरुवार. कंपनीला आठवड्याची सुट्टी होती. सकाळी दहा वाजता फोन वाजला आणि भाग्यश्रीच्या 'हॅलो' वरूनच ज्योतीरामला कळलं कोणाचा आहे ते. दादासाहेब घरी आले होते. वॉकर घेऊन चालत होते. फिजिओथेरपीवाली बाई कशी दमात घेते, ते सांगत असावेत, कारण भाग्यश्री हसत होती. चाळीस मिनिटं. ज्योतीरामने घड्याळ पाहिलं होतं.

"उद्यापासून पाठवायला लागते सगळं," ती शेवटी म्हणाली. "नऊ झालेत. दहावा आज घेते."

दुपारी भांडी घासून ती आतल्या खोलीत गेली. दार लोटून घेतलं. ज्योतीराम बाहेरच्या खोलीत पडून होता. टीव्ही लावायचा नव्हता. पंखाही दोनवरच, कारण तीनवर त्याची घरघर आत जाते. आपल्याच घरात सुट्टीच्या दिवशी आपण मुक्याने पडून आहोत हे त्याच्या डोक्यात फिरत राहिलं. मोबाइलची बॅटरी कमी झाली होती. बाहेरच्या खोलीत दोन प्लग होते, स्वयंपाकघरात एक. तो उठला, चार्जिंगची वायर घेतली आणि दार ढकलून आत गेला.

भाग्यश्री वाचत होती. कानावर हेडफोन. तिने न थांबता हाताने खूण केली, जरा थांबा.

"मोबाइल लावतोय," तो मोठ्याने म्हणाला. "हबात एक भोक रिकामं आहे. माझ्यासाठी एक तरी असू दे की."

तिचं वाक्य तुटलं. त्याने वायर खुपसली.

हबाचा निळा दिवा बारीक झाला. पुढच्या क्षणी डिस्कमधून आवाज आला. टक. टक. टक. एकाच लयीत, अगदी हलका. एकतीस वर्षांत ज्योतीरामने खूप मोटारी, खूप बेअरिंगं बिघडताना ऐकली होती. हा आवाज कशाचा हे त्याला कोणी सांगावं लागलं नाही. त्याने झटकन वायर उपसली आणि मोबाइल खिशात घातला. पडद्यावर एक पांढरी चौकट आली. भाग्यश्रीने हेडफोन काढले.

"काय झालं?"

"काही नाही. परत लावून बघू."

त्याने डिस्क काढली, लावली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. डिस्क थेट मागच्या पोर्टला लावून पाहिली. तासभर तो खटपट करत होता आणि भाग्यश्री पलंगाच्या कडेला दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. दरवेळी तोच आवाज येत होता.

"नऊही?" तिने विचारलं.

"सगळंच त्याच्यात होतं."

ती उठली, तोंड धुऊन आली, आणि तिने दादासाहेबांना फोन लावला. स्पीकरवर, कारण डिस्कचं काही विचारलं तर ज्योतीरामला सांगता यावं.

दादासाहेब सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "ताई, आधीचं सगळं माझ्याकडे आहे. ते गेलं नाही. नऊ धडे गेले." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "हब कोणता होता?"

"तुम्ही सांगितला तोच. डिस्कही तीच. हे स्वतः जाऊन बघून घेऊन आलेत. यांचा एकतीस वर्षांचा अनुभव आहे, दादासाहेब, त्यात चूक व्हायची नाही. कंपनीचाच माल खराब असेल."

ज्योतीराम हबाची वायर बोटाला गुंडाळत उभा होता.

"असेल," दादासाहेब म्हणाले. "साहेबांना सवड असेल तर या रविवारी पाठवा. आधीच्या फाइली पेनड्राइव्हवर देतो. मला अजून जिना उतरता येत नाही."

*

रविवारची शिफ्ट बदलून घेऊन ज्योतीराम रहाटणीला गेला. काळेवाडीचा पूल ओलांडताना त्याने दोनदा गाडीचा वेग कमी केला. हा माणूस त्याने कधी पाहिला नव्हता. मनात मात्र दोन वर्षं त्याला तो पाहत होता. उंच, गोरा, इस्त्रीचा शर्ट घातलेला.

दार सुमनताईंनी उघडलं, दादासाहेबांच्या पत्नीने. आत खुर्चीवर एक बुटका, टक्कल पडलेला माणूस बनियनवर बसला होता. एक पाय स्टुलावर, गुडघ्याला पट्टी.

"या, साहेब," तो दाराच्या दिशेने म्हणाला. "पायऱ्या चढून दम लागलाय. बसा आधी."

सुमनताई चहा घेऊन आल्या. "तुमच्या मिसेसचा आवाज या घरात माझ्यापेक्षा जास्त असतो बघा," त्या कप देत म्हणाल्या. "सकाळी तोच, दुपारी तोच. जेवताना पण कानात घालून बसायचे. मी म्हणायची, ताटात काय वाढलंय ते तरी विचारा."

दादासाहेब हसले. ज्योतीरामला हसू आलं नाही.

"राग यायचा तुम्हाला?" त्याने विचारलं.

"येणार नाही? वर्षभर नीट बोलले नाही मी यांच्याशी."

"मग गेला?"

"जातोय कुठला," सुमनताई म्हणाल्या. "कमी-जास्त होतो." आणि त्या रिकामा ट्रे घेऊन आत गेल्या.

दादासाहेबांनी कॉम्प्युटर लावला. पडद्यावरचं सगळं एक यांत्रिक आवाज भराभर वाचून दाखवत होता. पेनड्राइव्हवर फाइली जाऊ लागल्या. तोवर त्यांनी एक धडा सुरू केला. भाग्यश्रीचा आवाज खोलीत आला. ज्योतीराम ताठ बसला. दोन वर्षांत दाराआडून गुणगुण यायची तेवढीच; समोर बसून त्याने हे वाचन कधी ऐकलं नव्हतं. ती ग्रामसभेबद्दल वाचत होती, आणि ग्रामसभा समोर भरली आहे असं वाटत होतं.

"आता ऐका," दादासाहेब म्हणाले.

मागे कुठेतरी कोणी खोकलं. दबका, आवरलेला खोकला. मग वर्तमानपत्राची घडी.

"हे तुम्ही. मी कापतो हे सगळं, पण माझ्या मूळ फाइलीत असतं. तुमची फर्स्ट शिफ्ट कधी, सेकंड कधी, मला पाठ आहे." ते थांबले. "एक सांगू का? वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही कामावर असता तेव्हा ताई सावकाश वाचतात. मुलांना ब्रेलमध्ये लिहून घेता येतं. तुम्ही घरी असलात, की त्या भरभर वाचतात. कोणाची तरी झोपमोड होतेय असं. ते धडे मुलं परत परत मागे नेऊन ऐकतात. मी ताईंना कधी बोललो नाही."

यांत्रिक आवाजाने सांगितलं, अर्ध्या फाइली झाल्या. ज्योतीरामने चहाचा कप खाली ठेवला. या माणसाला उत्तर देण्यासाठी त्याने वाटेत बरीच वाक्यं जुळवली होती. ती त्याने सोडून दिली.

"हब मी वेगळा घेतला," तो म्हणाला. "डिस्कपण. चिठ्ठीत होतं ते दुकानात समोर ठेवलेलं होतं. मीच नाही घेतलं."

"माहीत आहे."

"कसं?"

"दवाखान्यात जायच्या आधी एक धडा ऐकला होता. मागे बारीक घरघर होती. एसएसडीत काही फिरत नाही, तिला आवाज नसतो, साहेब. तेव्हा वाटलं, नसेल मिळाली. गुरुवारी ताई म्हणाल्या, तुम्ही सांगितली तीच आणलीय. मग कळलं."

"तिला का नाही सांगितलं?"

"मी ऑपरेटर," दादासाहेब म्हणाले. "आम्ही लाइन जोडून द्यायची. मध्ये बोलायचं नाही. चौतीस वर्षं तेच केलं."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर ज्योतीरामला सोपं गेलं असतं.

*

परत येताना तो कॅम्पात थांबला. मिनलने दोन्ही वस्तू काढून दिल्या आणि काहीच विचारलं नाही. बंद पडलेली डिस्क तिने ठेवून घेतली. बाहेर पाठवून बघते, पण खात्री देत नाही, असं म्हणाली.

भाग्यश्री स्वयंपाकघरात कांदा चिरत होती. त्याने नवी खोकी ओट्यावर ठेवली. पेनड्राइव्ह ठेवला. मग उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. दुकानातलं, कॉपी न करण्याचं, मोबाइलच्या वायरचं. सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता.

विळीवरचा कांदा तसाच राहिला.

"चिठ्ठी मी तुम्हाला वाचून दाखवली होती," ती म्हणाली. "दोनदा."

"हो."

"तेच आहे म्हणालात."

"हो."

"मी त्यांना सांगितलं, यांची चूक व्हायची नाही. तुम्ही तिथेच उभे होता."

ज्योतीराम म्हणाला, "त्यांच्याशी बोलताना हसतेस तू. मला ऐकू येतं सगळं."

"फोनवर हसते ते ऐकू येतं." ती उठली, हात धुतले, पदराला पुसले. "दोन वर्षं वाचतेय. ते नाही ऐकू आलं?"

"आज ऐकलं."

"कुठे?"

"त्यांच्या घरी." आणि मग, सांगावं की नाही असा विचार करून, त्याने तेही सांगितलं. "ते म्हणाले, मी घरी असलो की तू भरभर वाचतेस."

भाग्यश्री रडेल असं त्याला वाटलं, पण ती रडली नाही. तिचा चेहरा पकडलं गेल्यासारखा झाला होता, जणू चूक तिचीच होती.

"मला वाटलं ते कोणाला कळत नसेल," ती हळू म्हणाली.

रात्रीची जेवणं नेहमीसारखी झाली. ताटं उचलताना ती म्हणाली, "नऊ धडे परत घ्यायचेत. महिना आहे हातात. मी वाचायला बसेन तेव्हा तुम्ही घरात नको."

तिच्या आवाजात राग नव्हता. शब्द स्वच्छ होते, सरळ. हा आवाज ज्योतीरामने ओळखला. त्या आवाजात ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होती.

"किती वेळ?" त्याने विचारलं.

"दोन तास. रोज."

एप्रिलच्या उन्हात बिल्डिंगच्या जिन्याची खालची पायरी तेवढी सावलीत असायची. फर्स्ट शिफ्ट करून ज्योतीराम चारला यायचा, वर जाऊन हातपाय धुवायचा, चहा घ्यायचा आणि खाली येऊन त्या पायरीवर बसायचा. तिसऱ्या मजल्यावरच्या बंद खिडकीतून इथवर एक शब्दही पोहोचत नसे. सातला फोन यायचा हे त्याला माहीत होतं. आज फोनवर ती हसेल का, हा विचार रोज यायचा. तो आला की ज्योतीराम उठून फाटकापर्यंत चालत जायचा आणि परत यायचा.

बंद पडलेल्या डिस्कमधून तीन धडे मिळाले, तेही मधूनमधून तुटलेले. भाग्यश्रीने ते ऐकले आणि बाजूला ठेवले. नऊच्या नऊ परत वाचायला घेतले.

एकदा सयाजी दळण घेऊन चालला होता. तो थांबला. "काय राव, रोज इथंच दिसता. घरात भांडण-बिंडण का काय?"

"नाही," ज्योतीराम म्हणाला. "आत वाचन चालू आहे."

"कसलं वाचन?"

"भाग्यश्री वाचते. पुस्तकं. मुलांसाठी."

"मग तुम्ही बाहेर कशाला?"

ज्योतीरामने पायरीवरची धूळ तळहाताने झाडली आणि जरा सरकून सयाजीला बसायला जागा केली. सयाजी बसला नाही, पीठ सांडेल म्हणून तसाच पुढे गेला. पावणेसात झाले होते. दोन तास होऊन वर पंधरा मिनिटं गेली होती. घराची किल्ली ज्योतीरामच्या खिशात होती. तो वरून हाक यायची वाट बघत बसून राहिला.